मृगाआधी विहिरीकडे पाण्याची वाट काढा

पाचोडची मोसंबी दूरवर जाते, पण तिचा खरा भार आपल्या विहिरींवर आहे. जायकवाडी धरणाचा नाथसागर याच पैठण तालुक्यात असला, तरी कालव्याच्या वरच्या अंगाच्या बागांना त्याचा उपयोग नाही. 2012-13 च्या दुष्काळात या पट्ट्यात आणि शेजारच्या जालना जिल्ह्यात उभ्या बागा वाळल्या, टँकरवर खर्च करूनही कित्येकांना झाडे तोडावी लागली. म्हणून मृग लागण्याआधी विहीर पुनर्भरणाचे काम उरकाच.

एका एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, की सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. जोराच्या सरीत त्यातले बरेचसे ओघळीने निघून जाते. ते गाळून विहिरीत सोडण्याची पद्धत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सांगितली आहे. ओघळीचे पाणी चारीने आधी लहान टाकीत घ्यावे, तिथे गाळ बसतो. वरचे पाणी मोठ्या टाकीत जाते. तिच्यात तळाला दगडगोटे, त्यावर खडी आणि वर जाड वाळू भरावी. टाकीच्या तळातून पाइप काढून विहिरीत सोडावा. टाकी विहिरीपासून दोन-तीन मीटर लांब ठेवा, नाहीतर काठ ढासळतो. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आत घेऊ नका. गोठ्याचे किंवा गावाच्या सांडपाण्याचे तर कधीच नको. वाळूवर साका धरला, की वरचा थर खरवडून धुवा.

आपल्याकडे पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्याखाली पाषाण लागला, की बोअर कितीही खोल नेला तरी पैसाच जातो. विहिरीचे पाणी उपसून शेततळे भरणे हेही मला पटत नाही, कारण ते शेजाऱ्याच्याही वाट्याचे असते. जालना तालुक्यातल्या कडवंचीत 1996 पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने लोकांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांधबंदिस्ती केली. पुढे शेततळी आली आणि दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा टिकल्या. पाणी शिवाराचे असते, म्हणून एका ओघळीवरच्या शेतकऱ्यांनी काम एकत्रच करावे.

डिसेंबरात आंबे बहारासाठी ताण दिल्यावर विहिरीची पातळी दोरीने मोजा. मेअखेरपर्यंत जेवढी झाडे ठिबकवर निभतील, तेवढ्यांवरच बहार धरा. बाकीच्यांच्या आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालून ती नुसती जगवा.