कुत्रा किडा खातो तेव्हा

कुत्रा हा गरिबाचा राखणदार. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तर त्याच्यावाचून चालत नाही. धडगाव, अक्कलकुव्याकडे डोंगरात शेळ्या चारायला न्यायच्या, तर बरोबर कुत्रा लागतो. शहादा, तळोद्याकडे उसात बिबट्या दडून बसतो. त्याची चाहूल आधी कुत्र्याला लागते. मका राखायला कुत्रा, कोंबड्या राखायला कुत्रा, रात्री दारात पडून राहायला कुत्राच. त्याला मजुरी नाही. भाकरीचा तुकडा मिळाला की तो खूश.

पण नुसत्या भाकरीवर त्याचे भागत नाही. जे हलेल त्यावर तो झडप घालतो. नाकतोडा उडाला की धरतो. दिव्याखाली भुंगा पडला की मटकावतो. आपण ते बघतो आणि म्हणतो, "खाऊ द्या हो, कुत्राच तो! त्याला काय होतंय?"

बहुतेक वेळा हे बोलणे खरे असते. पण दर वेळी खरे नसते. कोणता किडा पचतो, कोणता बाधतो, आणि बाधला तर आपण काय करावे, हे या पाठात आपण पाहू.

१. किडा कशाला म्हणावे?

किड्याची खूण सोपी आहे. त्याचे पाय मोजा. सहा पाय असले तर तो कीटक. माशी, मुंगी, भुंगा, पिसू हे सारे सहा पायांचे. विंचवाला आठ पाय. मोठ्या गोचिडालाही आठ पाय. गोमेला तर पुष्कळच. म्हणून हे तिघे खरे कीटक नव्हेत. पण आपल्या बोलण्यात सगळे किडेच. या पाठात आपण सगळ्यांचाच विचार करू.

२. पचणारे किडे

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून पंख फुटलेली उधई, म्हणजे वाळवी, बाहेर पडते. कोंबड्या, पाखरे आणि कुत्री तिच्यावर तुटून पडतात. पडू द्या. उधई बाधत नाही. नाकतोडे, रातकिडे, माशा, पतंग हेही बाधत नाहीत. एखादी मुंगी जिभेला चावली तर कुत्रा डोके झटकतो आणि पुढे जातो.

किडे खाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. छत्तीसगडात बस्तरकडे माणसे झाडावरच्या लाल मुंग्यांची चटणी करून खातात. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या अशाच चटणीला २०२४ साली सरकारी मानांकन मिळाले. किड्यांच्या अंगात कस असतो. म्हणून कुत्र्यालाही तो गोड लागतो.

मात्र कोणतीही गोष्ट अती झाली की बाधते. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर, बाभळीवर गर्दी करतात. त्यांचे कवच कठीण असते. कुत्र्याने ते पोटभर खाल्ले तर तो ओकतो. अशा वेळी त्याला पाणी द्यावे आणि एक वेळ खायला कमी घालावे. ओकारी थांबली की काळजी नाही.

३. डंख मारणारे

मधमाशी आणि गांधीलमाशी या दोघींवर लहान कुत्रे हमखास झडप घालते. डंख ओठाला किंवा नाकाला बसला तर तोंड सुजते. कुत्रा पंजाने तोंड घासतो, लाळ गाळतो. ही सूज बहुधा एका दिवसात उतरते.

मधमाशीचा काटा अंगात अडकून राहतो. त्याला विषाची पिशवी असते. तो चिमटीत दाबून ओढू नये. नखाने खरडून लगेच काढावा. मग गार पाण्याची घडी ठेवावी. गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही, पण ती पुन्हा पुन्हा डंख मारते.

खरी भीती दोन वेळा असते. डंख घशात बसला, तर आतून सूज येऊन श्वास कोंडतो. आणि आग्यामोहोळ उठले, तर शेकडो माश्या एकदम डसतात. घरघर लागली, हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या पडल्या, कुत्रा लटपटून पडला, तर घरी उपाय करत बसू नये. तडक जनावरांचा दवाखाना गाठावा.

विंचू आणि गोम यांचेही तसेच. कुत्रा त्यांना हुंगायला जातो आणि तोंडावर दंश घेतो. पावसाळ्यात लाकडाचा ढीग, दगड, गोवऱ्या उचलताना कुत्रा जवळ येऊ देऊ नये. आपणही हात घालण्याआधी काठीने चाळवून बघावे.

४. अंगात विष असलेले

तुरीच्या, भेंडीच्या फुलांवर एक भुंगेरा बसतो. रंग काळा, त्यावर नारिंगी किंवा तांबडे पट्टे. फुले कुरतडतो. हाताने चिरडला तर कातडीला फोड येतो. काही भागांत याला हिंगे म्हणतात. बाहेरच्या कातडीला जर फोड येतो, तर तोंडाचे आणि पोटाचे काय होत असेल? हा भुंगेरा कुत्र्याने खाल्ला तर तोंड सोलवटते, ओकारी होते, लघवीला त्रास होतो. याला जपावे.

सुरवंटाचे केस जिभेत, हिरडीत रुततात. मग लाळेच्या धारा लागतात. ओल्या फडक्याने केस पुसता आले तर पुसावेत. पण कुत्रा तोंड लावू देत नसेल तर जबरदस्ती करू नये.

वाणी म्हणजे तो गोल वेटोळे करून पडणारा, पुष्कळ पायांचा जीव. त्याच्या अंगातून घाण वासाचा रस निघतो. त्याने तोंड चुरचुरते. कुत्रा एकदा चव घेतो आणि पुन्हा सहसा वाटेला जात नाही.

५. पोटात जंत आणि रोग नेणारे

काही किडे खाल्ले तर त्या दिवशी काहीच होत नाही. त्रास मागून येतो.

पिसू बघा. कुत्रा अंग चावून चावून पिसवा मारतो आणि गिळतो. पिसवेच्या पोटात चपट्या जंताचे पिल्लू असते. ते कुत्र्याच्या आतड्यात वाढते. मग त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसू लागतात. कुत्र्याशी खेळताना लहान मुलाच्या तोंडात पिसू गेली, तर त्या मुलालाही हाच जंत होऊ शकतो. म्हणून पिसवा मारणे हे कुत्र्याचेच नव्हे, घराचेही काम आहे.

गोचीड अंगाला चिकटून रक्त पिते आणि ताप आणणारे रोग देते. हे पुष्कळांना माहीत आहे. पण एक रोग असा आहे, की तो गोचीड चावल्याने नव्हे, गोचीड गिळल्याने होतो. म्हणून काढलेले गोचीड कुत्र्यापुढे टाकू नयेत. साबणाच्या किंवा रॉकेलच्या पाण्यात बुडवून मारावेत.

तिसरा शेणकिडा. शेणाची गोळी ढकलत नेणारा हा किडा शेतकऱ्याचा मित्र आहे. तो शेण जमिनीत नेतो, जमीन सुधारतो. त्याला मारू नये. पण कुत्र्याने तो खाल्ला तर त्यातून एक जंत पोटात जाऊ शकतो. तो जंत अन्ननळीपर्यंत पोचतो आणि तिथे गाठ करून राहतो. कुत्रा खाल्लेले बाहेर टाकतो, खोकतो, वाळत जातो. शेणकिडा खाल्लेल्या कोंबडीतूनही हा जंत येतो. म्हणून कोंबडी कापली की तिची आतडी कच्ची टाकू नयेत. शिजवून घालावीत किंवा पुरावीत.

यावर उपाय एकच. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कुत्र्याला जंताचे औषध वेळेवर द्यावे.

६. किडा साधा, पण वर विष

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर सांगितलेल्या किड्यांपेक्षा मोठा धोका आपल्याच हातून तयार होतो.

मिरचीवर, कापसावर, मक्यावर आपण औषध फवारतो. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. फवारल्यावर किडे तडफडून खाली पडतात. तडफडणारा किडा कुत्र्याला सोपी शिकार वाटते. एखादा किडा खाल्ला तर कदाचित निभावून जाईल. पण कुत्रा तेवढ्यावर थांबत नाही. तो ओल्या पिकातून फिरतो, मग पंजे चाटतो. औषध कालवलेल्या बादलीतले पाणी पितो.

२०१८ साली आपल्या देशात मक्यावर नवी लष्करी अळी आली. तिच्यासाठी कोंडा, गूळ आणि विष यांचे आमिष करून मक्याच्या पोंग्यात टाकतात. अळीला गूळ आवडतो. कुत्र्यालाही आवडतो! आमिष कालवलेले घमेले बांधावर उघडे राहिले, तर पहिला घास कुत्रा घेणार. शेजारी पोर खेळत असेल, तर त्याचाही हात तिथे जाईल.

२०२० साली विदर्भात टोळधाड आली. तेव्हा ती मारायला झाडांवर फवारणी केली. टोळ एरवी पचणारा किडा. पण फवारलेला टोळ कोंबडीलाही घालू नये आणि कुत्र्यालाही नाही.

हे विष माणसालाही सोडत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा झाली. अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात पडले. माणसाची ही गत, तर दहा-पंधरा किलोच्या कुत्र्याची काय कथा!

आणखी एक. काही जण गोचीड मारायला पिकावरचे औषध कुत्र्याच्या अंगाला चोळतात. असे कधीही करू नये. कुत्रा ते चाटतो आणि मरतो. जनावरांचे औषध वेगळे असते. ते डॉक्टरांना विचारूनच लावावे.

७. विष बाधले तर काय करावे?

विष बाधल्याच्या खुणा अशा: तोंडातून पुष्कळ लाळ, डोळ्यांतून पाणी, ओकारी, हगवण, अंग थरथरणे, झटके, धाप.

अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात:

कुत्र्याला शेतातून बाहेर सावलीत आणावे.
अंगावर औषध पडले असेल तर साबण लावून पाण्याने धुवावे. धुताना आपल्या हातात रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात.
औषधाची बाटली किंवा पुडा बरोबर घ्यावा. त्यावरचे नाव वाचून डॉक्टर योग्य इंजेक्शन देतात.
जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. गाडी नसेल तर फोनवर १, ९, ६, २ हे चार आकडे दाबावेत. हा पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक आहे.

आणि या गोष्टी करू नयेत: मिठाचे पाणी पाजून ओकवू नये. तेल, दूध, ताक तोंडात ओतू नये. झटके येणाऱ्या जनावराच्या घशात ते सरळ फुप्फुसात जाते. माणसाच्या गोळ्या देऊ नयेत.

माणसाला विष बाधले तर १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

८. किडा खाताना पाहिले नसेल तर?

लाळ गळते म्हणजे किडाच खाल्ला, असे समजू नका. पिसाळलेल्या कुत्र्याचीही लाळ गळते. त्याला गिळता येत नाही. आवाज बदलतो. तो विनाकारण चावायला धावतो किंवा कोपऱ्यात गुमसुम पडतो. अशा कुत्र्याच्या तोंडात "काटा रुतला असेल, काढू या" म्हणून हात घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. आपलाच कुत्रा असला तरी हात घालू नये. पोरांना दूर करावे आणि जनावरांच्या डॉक्टरांना कळवावे.

कुत्रा चावला, किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, मिरची काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी आणि सांगितलेली सगळी इंजेक्शने घ्यावीत. हा रोग एकदा अंगात उठला की माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर वाचतो. कुत्र्यालाही दर वर्षी ही लस टोचून घ्यावी.

लक्षात ठेवा

उधई, नाकतोडा, रातकिडा, माशी: चालते.
मधमाशी, गांधीलमाशी, विंचू, गोम: सूज आणि श्वास बघा.
हिंगे, सुरवंट, वाणी: तोंड पोळते, दूर ठेवा.
पिसू, गोचीड, शेणकिडा: मागून रोग येतो, डॉक्टरांना विचारून औषध द्या.
फवारलेल्या शेतातला कोणताही किडा: विष समजा.

फवारणीच्या दिवशी कुत्रा घरी बांधा. आमिषाचे घमेले झाकून ठेवा. रिकामी बाटली घरात वापरू नका. किड्याला अक्कल नाही, कुत्र्याला वाचता येत नाही. आपल्याला आता वाचता येते. औषधाच्या बाटलीवरचे नाव आणि सूचना आपणच वाचायच्या.

प्रश्न

१. कीटक कसा ओळखावा?
२. मधमाशीचा काटा कसा काढावा?
३. मक्याच्या आमिषात कुत्र्याला कशाची ओढ वाटते?
४. लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात का घालू नये?
५. आपल्या घरातल्या औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचा आणि वहीत लिहा. ती बाटली मुलांच्या आणि कुत्र्याच्या हाती लागणार नाही अशा जागी आहे का, ते बघा.