मुंबईतील प्रवास : वरच्या वर्गांसाठी एक नकाशापाठ

आपल्या शाळेतील मुलगा पुढील शिक्षणासाठी मुंबईस जातो, तेव्हा अभ्यासाची धास्ती त्यास मागाहून वाटते. पहिली धास्ती असते ती प्रवासाची. ही धास्ती अकारण नव्हे. प्रवेशासाठी नेमून दिलेल्या वेळी तो महाविद्यालयात हजर झाला नाही, तर हातची जागा जाण्याचा संभव असतो आणि त्याबरोबर कधी कधी सबंध वर्षही. गावी गाडी चुकते म्हणून खोळंबा होतो. मुंबईत गाड्या पुष्कळ, तेथे खोळंबा होतो तो भलत्या गाडीत बसल्यामुळे. यास्तव सातवीच्या नकाशावाचनाच्या तासांपैकी दोन तास शिक्षकांनी या पाठास द्यावेत.

छापील नकाशा नसल्यास अंगणात खडूने किंवा रांगोळीने तो काढून घ्यावा. मुंबई ही मूळची सात बेटे. मधल्या खाड्या बुजवून ती जोडली गेली. त्यामुळे शहर दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद असे झाले. लोहमार्गही साहजिकच त्याच दिशेने गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तो आजच्या मध्य मार्गाचा आरंभ होय. हा मार्ग कल्याणपर्यंत जाऊन पुढे दुभंगतो : एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जत-खोपोलीकडे. पश्चिम मार्ग चर्चगेटहून विरारकडे व पुढे डहाणूकडे जातो. तिसरा हार्बर मार्ग. तो वडाळा, कुर्ला, वाशी असा पनवेलला पोहोचतो. पहिले दोन मार्ग दादरला शेजारी येतात. मध्य व हार्बर यांची गाठ कुर्ल्यास पडते. दादर, कुर्ला व ठाणे या तीन ठिकाणी मुलांनी एकेक खडा ठेवावा, कारण गाडी बदलण्याचे प्रसंग बहुधा तेथेच येतात. कचेऱ्या पुष्कळशा दक्षिणेस असल्याने सकाळची गर्दी दक्षिणेकडे व संध्याकाळची उत्तरेकडे लोटते, हेही नकाशावरच दाखवावे. पूर्व-पश्चिम जाण्यास मात्र पूर्वी बसखेरीज विशेष साधन नव्हते. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो २०१४ साली सुरू झाली आणि ती उणीव काही अंशी भरून निघाली.

यानंतर नावांचा भाग. येथे घाई करू नये, कारण हुशार मुलगाही फसतो तो नावांनीच. मुंबई सेंट्रल हे स्थानक मध्य मार्गावर नाही, पश्चिम मार्गावर आहे. माटुंगा मध्य मार्गावर, तर माटुंगा रोड पश्चिम मार्गावर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या नावातील ‘महाराज’ हा शब्द २०१७ साली जोडला गेला. परंतु लोकांच्या तोंडी अद्याप ‘सीएसटी’ असते आणि म्हातारी माणसे तर ‘व्ही.टी.’च म्हणतात. तिन्ही नावांचे स्थानक एकच. दादर पूर्वेस ‘टी.टी.’ म्हणतात तो ट्रामचा शेवटचा थांबा होता. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, नाव मात्र लोकांनी सोडले नाही! लांबच्या गाड्या जेथे येतात ते लोकमान्य टिळक टर्मिनस कुर्ला भागात असले, तरी ते कुर्ला स्थानक नव्हे. लोकल पकडण्यास कुर्ल्यास किंवा हार्बर मार्गावरील टिळकनगरला जावे लागते. शिवाय पत्त्यातील ‘पूर्व’ व ‘पश्चिम’ हे शब्द शोभेचे नसतात. अंधेरी पूर्व आणि अंधेरी पश्चिम यांच्यामध्ये लोहमार्ग आहे; चुकीच्या बाजूस उतरलेल्यास पूल चढून परत यावे लागते.

धीमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, जलद गाडी मधली स्थानके गाळते, एवढे समजले की फलाटावरील पाटी वाचता येते. पाटीवर गाडी कोठवर जाणार, जलद की धीमी, व तिला डबे किती, हे दिलेले असते. तिरकस पट्टे रंगविलेला डबा प्रथम वर्गाचा. साध्या तिकिटावर त्यात चढल्यास दंड होतो. बसच्या बाबतीत क्रमांक आणि दिशा दोन्ही पाहावीत, कारण त्याच क्रमांकाची बस उलट दिशेनेही जाते.

विद्यार्थ्यास रेल्वेचा पास सवलतीने मिळतो. त्यासाठी संस्थेचा दाखला लागतो, म्हणून प्रवेश होताच तो मागून घेण्याविषयी मुलांना बजावावे.

धोक्याविषयी मोजके परंतु स्पष्ट बोलावे. रूळ ओलांडताना दरवर्षी पुष्कळ माणसे प्राणास मुकतात. त्यांतील बहुतेकांस पूल ठाऊक असतो, फक्त दोन मिनिटे वाचवायची असतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड (२०१८ पासून प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. तेव्हा पुलावर दाटी दिसली तर खालीच थांबावे, एक गाडी सोडून द्यावी.

मुलींच्या पालकांशी हे सर्व वेगळे बोलणे अगत्याचे आहे. ‘एवढ्या गर्दीत पोरीला कशी धाडू?’ हा प्रश्न उपदेशाने सुटत नाही, माहितीने पुष्कळसा सुटतो. प्रत्येक लोकलला महिलांचे स्वतंत्र डबे असतात. केवळ महिलांसाठी पहिली गाडी पश्चिम मार्गावर १९९२ साली सुरू झाली. रेल्वेचा मदत-क्रमांक १३९ आहे. पालकसभेत मुलीनेच उभे राहून नकाशावर मार्ग दाखविला, तर बापाचा अर्धा नकार तेथेच मावळतो असा अनुभव आहे.

दुसऱ्या तासास तोंडी प्रश्न घ्यावेत. नमुना : कोकणातून आलेली मुलगी पहाटे लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरली. तिची परीक्षा मुंबई विद्यापीठात आहे. ती चर्चगेटकडे निघाली, तर बरोबर की चूक? उत्तर देण्याआधी मुलांनी उलट विचारले पाहिजे की, विद्यापीठाचे कोणते आवार? फोर्टमधील जुने आवार चर्चगेटजवळ आहे, कलिन्याचे विद्यानगरी आवार सांताक्रूझ पूर्वेस. विद्यानगरीस जाणे असेल, तर तिने कुर्ला स्थानकाच्या पश्चिमेस येऊन कलिन्याची बस धरावी. दक्षिणेकडे जाण्याचे कारणच नाही. हा उलट प्रश्न ज्या मुलास आपण होऊन सुचेल, त्यास पूर्ण गुण द्यावेत.