यंत्राआधी खुडूक कोंबडी

कडकनाथची अंडी हाती आली की लोक आधी इन्क्युबेटरची किंमत विचारतात. मी म्हणते, आधी वाडीत खुडूक कोंबडी शोधा. कडकनाथ स्वतः अंड्यांवर नेटाने क्वचितच बसते. गावठी किंवा असील बसली की हलत नाही. आधी तिच्या पिसांत राख चोळायची, म्हणजे उवांचा त्रास कमी होतो. मग अंधार पडल्यावर पोटाखाली दहा-बारा अंडी सरकवायची आणि रोज एकदा दाणापाण्याला उठवायची. पुढचे 21 दिवस ती बिनपगारी नोकरी करते.

यंत्रही हे सगळं करतं, वीज असेपर्यंत. 37.5 अंश तापमान, 18 दिवस अंडी फिरवणं, शेवटचे तीन दिवस न फिरवता ओलावा वाढवणं, सगळं नीट चाललं होतं आणि अंडी फुटायच्या आदल्या संध्याकाळी वळीव कोसळला. रात्रभर वीज नाही. गरम पाण्याच्या बाटल्या बदलायला झाकण उघडावंच लागे, आणि दर वेळी आतली दमट हवा निघून जाई. सकाळी काही अंड्यांना टोच पडली होती, आतून चिवचिव येत होती, पण पातळ पडदा वाळून पिल्लांच्या अंगाला चिकटलेला. शेजारच्या काकूंना राहवलं नाही. त्यांनी एकाचं कवच नखाने सोललं. पडद्यातली शीर तुटली, रक्त आलं, पिल्लू गेलं. टोच पडल्यावर बाहेर यायला पिल्लाला 24 तासही लागतात. तेवढा वेळ बघ्याची भूमिका घेणं फार जड जातं, पण तेच करायचं.

एक मात्र खरं, वीज गेली तर अंडी काही तास गारवा सोसतात. थर्मोस्टॅट बिघडून पारा 40 वर गेला तर सोसत नाहीत. यंत्र घेतलंच तर आत वेगळा थर्मामीटर ठेवा. आणि दुकानातली तपकिरी 'गावरान' अंडी त्यात मांडू नका. त्यातली बहुतेक कोंबड्याचं तोंडही न बघितलेल्या पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात.

पिल्लं निघाली की खायला घालायची घाई नको, पोटातल्या बलकावर ती दोन दिवस काढतात. ऊब मात्र लगेच हवी. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, कडेला जाऊन चोची वासून बसली तर उकडतंय. खाली नुसता वर्तमानपत्राचा कागद घालू नका. त्यावर पाय घसरून फाकतात आणि मग ते सरळ होणं कठीण. भाताचं तूस उत्तम. पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. दोन बोटं पाणीसुद्धा त्यांना पुरतं.

एवढं करून वाढवलेला आमचा कळप मानमोडीने नेला. कुणीतरी आठवडी बाजारातून आणलेला देखणा कोंबडा त्याच दिवशी खुराड्यात सोडला होता. आधी हिरवट पातळ हगवण, मग माना पिळवटलेल्या, औषध नाहीच. बाहेरचा पक्षी तीन आठवडे तरी दूर डालग्याखाली हवा.

यावर उपाय लासोटा लसीचा. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा. अडचण अशी की बाटली निदान शंभरेक मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार, म्हणून घरोघरी लस राहून जाते. आम्ही वाडीतल्या खुडूक कोंबड्या आता एकाच आठवड्यात बसवतो. पिल्लं एका वयाची निघतात, वर्गणी काढून एकच बाटली येते, आणि ती थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची पाळी प्रत्येक घराकडे फिरते.