सिरियल केबल लावण्याआधी

बाळा, सर्व्हर ठणठणीत चालू आहे तोवरच त्याचं सिरियल कन्सोल लावून ठेव. नेटवर्क कोसळल्यावर किंवा फायरवॉलच्या चुकीच्या नियमाने एसएसएच बंद झाल्यावर नुसती केबल जोडून काही होत नाही. सिरियल पोर्टवर बोलायचं असतं हे यंत्राला आधी सांगावं लागतं.

लिनक्समध्ये ते ग्रबलाही सांग आणि कर्नललाही. ग्रबला सांगायचं बरेच जण विसरतात. मग बूटचा मेनू सिरियलवर येत नाही, आणि नवा कर्नल बिघडला तर जुना निवडायची सोयच उरत नाही. कर्नलच्या ओळीत दोन कन्सोल लिहायचे असतील तर सिरियलचा शेवटी लिही, कारण शेवटचाच मुख्य धरला जातो. सिस्टमडी असेल तर लॉगिन विचारणारी गेटी त्यानंतर आपोआप उभी राहते.

केबलीत तीन तारा पुरतात. नऊ पिनांच्या कनेक्टरवर २, ३ आणि ५. दोन पीसी जोडताना २ आणि ३ उलटसुलट लागतात, म्हणून दुकानात नल मोडेम केबलच माग. रास्पबेरी पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या असतात. पीसीचा आरएस-२३२ पोर्ट त्यांना थेट जोडलास तर बोर्ड जळेल.

पडद्यावर गिचमिड अक्षरं आली तर वेग जुळलेला नाही. आधी ११५२०० लावून बघ, मग ९६००. काहीच दिसलं नाही तर एंटर दाब. गेटीने लॉगिनची ओळ तू यायच्या आधीच छापलेली असते.

खरा घोळ पुढचा. संदेश व्यवस्थित येतात, पण तू टाइप केलेलं एक अक्षरही पलीकडे पोचत नाही. लोक केबल बदलतात, पोर्ट बदलतात, दुपार जाते. दोष बहुधा तुझ्या लॅपटॉपवरच्या मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रामच्या हार्डवेअर फ्लो कंट्रोलचा असतो. ‘आता पाठव’ ही खूण सीटीएसच्या तारेवरून येते, तीन तारांत ती तार नसतेच, आणि मिनिकॉम वाट बघत बसतं. कंट्रोल-ए, मग ओ, सिरियल पोर्ट सेटअपमध्ये जाऊन ते बंद कर आणि सेटिंग जपून ठेव.

जोडणी झाली की लगेच कंट्रोल-ए आणि एल दाबून सगळं फाइलमध्ये उतरवायला लाव. कर्नल पॅनिक होतं तेव्हा शेवटच्या ओळी त्या यंत्राच्या डिस्कवर बहुतेक वेळा पोचतच नाहीत, पण तुझ्या लॅपटॉपवर सापडतात. कारण शोधायला त्याच ओळी लागतात.

आणि केबल काढण्याआधी लॉगआउट कर, न चुकता. तीन तारांवर केबल निघाल्याचं पलीकडच्या यंत्राला कळत नाही. रूटचं शेल तसंच उघडं राहतं, आणि पुढे जो केबल लावेल त्याला पासवर्डसुद्धा विचारला जात नाही. रूटच्या बॅशमध्ये टीएमआउट ३०० ठेव, म्हणजे पाच मिनिटं कुणी काही टाइप केलं नाही की शेल आपण होऊन बंद होईल.