‘प्लॉट’ : वर्गातला आणि वावरातला

पदव्युत्तर वर्गात कथानकाची चर्चा चालू असताना मी ‘प्लॉट’ ही संज्ञा फळ्यावर लिहिली. मुळशी तालुक्यातील जांबे गावाहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “किती गुंठ्यांचा?” वर्ग हसला. वस्तुतः शब्दाच्या मूळ अर्थाशी तोच अधिक जवळ होता. इंग्रजीत हा शब्द आरंभी जमिनीच्या लहान तुकड्याचा वाचक. आराखडा, कारस्थान, कथारचना हे अर्थ त्याला नंतर लाभले. १९२७ साली ई. एम. फॉर्स्टरने कथा आणि कथानक यांच्यात कार्यकारणभावाची रेघ ओढली. आपल्या वर्गातला प्लॉट तो हाच. कारस्थानाच्या अर्थाने मात्र तो मराठीत फारसा रुजला नाही. तेथे ‘कट’ आणि ‘डाव’ आधीच ठाण मांडून होते.

जमिनीसाठीही शब्दांची वाण नव्हती. वावर, रान, पट्टी, भाताचे खाचर. तरीही हिंजवडीला आयटी पार्क झाल्यानंतर मारुंजी, नेरे, जांबे या पट्ट्यात ‘प्लॉट’ चलनी झाला, तो जुन्या शब्दांचा समानार्थी म्हणून नव्हे. भाषिक वापरच हे दाखवून देतो. माणूस वावरात जातो, खाचरात उतरतो. ‘प्लॉटात’ कोणी जात नाही, ‘प्लॉटवर’ जातात. (‘शेतावर’ असेही आपण म्हणतो, पण तेथे ‘शेतात’ हा पर्याय खुला असतो.) शेत कसतात, राखतात, प्लॉट घेतात, दाखवतात, टाकून ठेवतात आणि मुख्य म्हणजे ‘पाडतात’. प्लॉट आधी नसतोच. सलग रानाचे तुकडे पाडल्यावर तो जन्मतो. वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात उतरते, म्हणून खाचराला शेजार असतो. प्लॉटला क्रमांक असतो.

‘भूखंड’ हा पर्याय सरकारी कागदांत आणि वृत्तपत्रांत नांदतो. ‘भूखंडाचे श्रीखंड’ ही कोटीही तिथलीच. ‘माझा भूखंड आहे’ असे मात्र गावात कोणी म्हणत नाही. जुन्यांपैकी ‘गुंठा’ तेवढा तगला, कारण एकराचा हा चाळिसावा भाग, म्हणजे १,०८९ चौरस फूट, प्लॉटच्या व्यवहाराला सोयीचा ठरला. ‘गुंठामंत्री’ या उपरोधिक शब्दात तर त्याला नवे पदच मिळाले. तेव्हा परभाषेचे अतिक्रमण एवढाच शेरा येथे मारणे मला अपुरे वाटते. नव्या व्यवहाराने आपला शब्द बरोबर आणला आहे.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर घरच्या जमिनीविषयी विचारले. विकलेल्या भागाला तो ‘प्लॉट’ म्हणत होता, उरलेल्या दीड एकराला ‘वावर’. पूर्वी दोन्हींचा गट क्रमांक एकच होता.