कोड्यांसाठी कोणतं ॲप?

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे. बुद्धिबळातल्या डावपेचांच्या सरावासाठी पैसे भरून ॲप घ्यावं का? – एक पालक, धानोरा (जि. नंदुरबार)

उत्तर : सध्या तरी नको. चेस डॉट कॉमवर फुकटात रोज मोजकीच कोडी मिळतात. लिचेसवर मात्र हवी तितकी, तीही जाहिरातींविना. दुहेरी हल्ला, पिन असे विषय निवडता येतात आणि मोबाइल ॲप काही कोडी आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे रेंज गेली तरी अडत नाही. पण खरी निवड ॲपची नसून ते वापरण्याच्या रीतीची आहे. समजा पांढरा घोडा डी5वर, काळा राजा जी8वर आणि वजीर सी8वर आहे. घोडा ई7वर नेला की शह आणि वजीर दोन्ही साधतात, म्हणून बोट लगेच तिथे जातं. पण काळा उंट एफ8वर असेल, तर घोडाच फुकट जातो. ॲपमध्ये चुकलं की लाल फुली येते, दुसरी खेळी करून पाहता येते. स्पर्धेत ती सोय नाही. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या उत्तरासह सगळी ओळ आधी वहीत लिहावी, मगच पडद्याला हात लावावा.

यावर कुणी म्हणेल, वेग नको का? हवाच. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025चा महिला विश्वचषक जलद डावांच्या टायब्रेकमध्येच जिंकला. मात्र तो वेग ओळखीच्या आकृत्यांमधून येतो, आणि त्या सावकाशच मुरतात. तीन मिनिटांत जमतील तितकी कोडी सोडवण्याचं लिचेसवरचं ‘पझल स्टॉर्म’ रविवारी गंमत म्हणून खेळू द्या.