शिवऱ्याहून हर्णै, दाभोळ, गुहागर: किती खर्च येतो?

समुद्राला जायचं म्हटलं की आपल्याकडे अलिबाग नाहीतर गोवा ठरलेला. पण कापूरहोळला महामार्ग सोडून भोरवरून वरंध घाट उतरलात, की महाड, मंडणगडमार्गे हर्णै गाठता येतं. एक रात्र तिथे, दुसरी गुहागरला. हाच मार्ग निवडण्याचं कारण मधल्या दाभोळला आहे.

दाभोळच्या धक्क्यावरून वाशिष्ठी खाडीपलीकडचं धोपावे समोर दिसतं. 2003 पासून इथे गाड्या नेणारी फेरीबोट आहे. तिच्याऐवजी चिपळूणवरून गुहागरला जायचं तर शंभरावर किलोमीटरचा वळसा पडतो. गाडी लिटरला 15 किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये धरलं, तर किमान सातशे रुपये गेले. शिवाय अर्धा दिवस गाडीत. बोटीचं भाडं गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं, तरी चौघांचं मिळून याहून पुष्कळ कमी होतं. म्हणून बंदर निवडताना मी आधी फेरीबोट बघतो. वेश्वी ते बागमांडला आणि तवसाळ ते जयगड इथेही ती सोय आहे. शेवटच्या फेरीची वेळ मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

हर्णैला मुक्काम संध्याकाळच्या लिलावासाठी करावा. होड्या लागतात, वाळूवर माशांचे ढीग पडतात आणि बोली सुरू होते. आपण त्या बोलीत शिरू नये, घरापुरतं मासळीवाल्या मावशींकडून घ्यावं. घरगुती निवासात मासे शिजवून देतात का आणि त्याचे किती घेतात, हे खोली ठरवतानाच विचारा. भाडं माणशी आहे की खोलीमागे, हेही. पापलेट, सुरमईच्या ताटाचा भाव रोज बदलतो; बसण्याआधी विचारण्यात संकोच नको.

परतताना चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण करत उंब्रजला महामार्गाला लागा. कराडकडे न वळल्यामुळे तासवडेचा टोल लागत नाही, आनेवाडीचा भरावा लागतो.

पूर्ण फेरी सुमारे 500 किलोमीटर, म्हणजे पेट्रोल साडेतीन हजारांचं. खोलीला रात्रीचे 2,500 धरले तर दोन रात्रींचे पाच हजार, चौघांच्या जेवणखाणाला पाच हजार. टोल, बोट, किरकोळ मिळून आणखी दीड हजार. पंधरा हजार जवळ ठेवून निघावं. दिवाळी आणि नाताळात खोल्यांचे भाव चढतात. त्या दिवसांत हा हिशेब पुरणार नाही.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हर्णैच्या लिलावासाठी जाण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाटही बंद ठेवतात. निघण्याआधी भोरला चौकशी करा. घाट बंद असेल तर ताम्हिणीने जावं लागेल. मग खेड शिवापूरचा टोल आणि पुण्याच्या गर्दीतले दोन तास हिशेबात धरा.